साल नसलेलं कॅलेंडर

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायला माणूस निदान निवृत्त तरी असावा लागतो, असा माझा समज होता. माझी नोकरी चार वर्षांची, आणि ती अजून चालू आहे. पण छापखान्यात चार वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून इतके जन्म, लग्नं, स्थलांतरं आणि मृत्यू गेलेले असतात की त्याचं वय वेगळ्या मापानं मोजावं लागतं. शिवाय मला जी गोष्ट सांगायची आहे तीत चूक माझीच आहे. चूक ताजी असतानाच सांगावी. जुनी झाली की आपण तिला शहाणपण म्हणायला लागतो.

मी ॲमस्टरडॅमला चिकटून असलेल्या डीमन गावात राहते. निखिल, माझा नवरा, कॉम्प्युटरच्या कामासाठी पुण्याहून इथे आला आणि त्याच्या परमिटचं शेपूट धरून मी आले. पहिले सहा महिने मी डच भाषेच्या वर्गाला गेले आणि उरलेल्या वेळात खिडकीतून ट्राम बघितल्या. मग एक दिवस स्टेशनामागच्या लहानशा छापखान्याच्या काचेवर ‘मदतनीस पाहिजे’ अशी चिठ्ठी दिसली. दार उघडंच होतं. शाईचा वास आला आणि मी आत गेले.

तो वास माझ्या माहेरचा. सोलापुरात गिरण्यांच्या मागच्या गल्लीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका ते नाइलाजानं छापत आणि पत्रकं जीव ओतून. संपाची पत्रकं, पाणवठ्याच्या हक्काची पत्रकं, भाववाढीची पत्रकं. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच पत्रकांवर. तिसरीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘या अन्यायाचा आम्ही जाहीर निषेध करतो’ असा केला होता. बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं.

छापखान्याचा मालक आरी, साठीला आलेला, उंच आणि वाकलेला. त्याच्याकडे एक जुनं ऑफसेट मशीन आणि एक नवं, मोठ्या झेरॉक्ससारखं दिसणारं रंगीत मशीन. माझं काम कॉम्प्युटरवर मजकूर आणि चित्रं मांडून पानं तयार करण्याचं. हॉलंडमध्ये सगळं कार्डानं कळवतात. बाळ झालं, कार्ड. घर बदललं, कार्ड. माणूस गेला, तर त्याचंही कार्ड, आणि त्याचा मजकूर सकाळी आला तर कार्ड दुपारच्या टपालात पडलंच पाहिजे. त्या दिवशी आरी शिट्टी वाजवत नाही.

या धंद्याचा नियम एकच. आम्ही आधी नमुन्याचं पान काढतो, त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाईक ते वाचतं, खाली ‘अकोर्ट’, म्हणजे ‘मंजूर’, असं लिहून सही करतं. त्यानंतर देव आला तरी त्यात कानामात्रा बदलायची नाही. एका जन्मकार्डाच्या प्रुफावर बाळाचं वजन पाच किलो लिहून सही होऊन आलं. मी आपल्या मनानं ते साडेतीन करायला निघाले होते. आरी म्हणाला, “त्यांना विचार.” विचारलं तर बाप छाती फुगवून म्हणाला, “पाचच. बायको अजून माझ्याशी बोलत नाही.”

एवढा धडा मिळूनही पुढे मी जे केलं ते केलं.

ऑक्टोबरात अर्नेस्टीनबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, काळ्या रंगाच्या अमेरिकन, उंची माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर नीट बसवलेली जांभळी टोपी. जॉर्जियात वाढलेल्या, डच इंजिनिअरशी लग्न करून चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आलेल्या, आता एकट्या. शेजारच्या वस्तीतल्या, जुन्या डच वसाहतींतून आलेल्या सुरिनामी आणि अँटिलियन पोरींना त्या वर्षानुवर्षं संध्याकाळी इंग्रजी आणि टायपिंग शिकवत आल्या होत्या. आमच्या काउंटरवर त्यांनी एक बुटांचा खोका ठेवला आणि म्हणाल्या, “पोरी, मला वाढदिवसाचं कॅलेंडर हवंय. तीस प्रती.”

वाढदिवसाचं कॅलेंडर हा इथला खास प्रकार. उभट आकार, बारा पानं, प्रत्येक पानावर वर चित्र आणि खाली नुसत्या तारखा. वार नसतात, साल नसतं. तारखेसमोर ज्याचा वाढदिवस त्याचं नाव लिहायचं. कोणत्याही वर्षी चालतं, म्हणून ते भिंतीवरून कधी उतरत नाही.

खोक्यात बारा जणांचे फोटो होते. त्यांच्या देशात काळ्यांच्या हक्कांसाठी झटलेले बारा पुढारी. आणि एक यादी: चार पिढ्यांतली भावंडं, भाचरं, नातवंडं, कोणाचा जन्म कोणत्या तारखेचा.

“माझा धाकटा भाऊ क्लिफ्टन अमेरिकेला परत चाललाय,” त्या म्हणाल्या. “कायमचा. मुलाकडे. त्याला आयुष्यात एक वाढदिवस आठवला नाही. त्याची बायको आठवायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आता तो तिकडे आणि मी इकडे. आमच्या वयाची माणसं पुन्हा विमानात बसत नाहीत. तो गेला की आमच्या दोघांत हे एवढंच उरणार. तेव्हा नीट कर.”

दोन फोटोंबद्दल त्यांनी बजावून सांगितलं. त्या दोघांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, वाचकांपैकी काहींना ओळखूही येतील. आमच्याकडे त्यांच्या फायलींना मी जी नावं दिली तीच इथे वापरते: मास्तर आणि संपादक.

मास्तर गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी दक्षिणेत शाळा काढली, तिच्या विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या. त्यांचं सांगणं असं की आधी हाताला कसब आणा, जमीन घ्या, जिथे आहात तिथेच पाय रोवा, गोऱ्यांना तुमच्यावाचून अडेल असं करा. मतदानाच्या, बरोबरीच्या हक्कांची घाई करू नका, मान मागून येईल. संपादक उत्तरेत स्वतंत्र जन्मलेले, मोठे विद्वान, मासिक चालवणारे. ते म्हणत, हक्काशिवाय कमावलेलं घर एका रात्रीत जळतं. मत, न्याय आणि उच्च शिक्षण आधी. जो मागत नाही तो सुखी आहे असंच जग धरून चालतं.

“ऑगस्टवर मास्तर,” बाई म्हणाल्या. “आमच्या बाबांचा महिना. बाबा त्यांच्या शाळेत वीटकाम शिकले. आणि नोव्हेंबरवर संपादक. तो आईचा. ती त्यांचं मासिक मागवायची आणि गादीखाली ठेवायची. दोघांचे फोटो एकाच मापाचे. केसभरही फरक नको. क्लिफ्टन मोजेल.”

“तुमचे कोण?” मी विचारलं.

“मी बाबांची मुलगी,” त्या म्हणाल्या. “तो आईचा मुलगा. पन्नास वर्षं भांडतोय आम्ही.”

मी प्रूफ काढलं. त्यांनी ते दोन दिवस घरी ठेवलं, पट्टीनं मोजलं, अकोर्ट लिहून सही केली.

त्यानंतरच्या सोमवारी क्लिफ्टन आला. बहिणीनं सांगितलं नसतं तरी ओळखला असता, तीच हनुवटी. तो अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचं पितळी वाद्य, वाजवत युरोपात आला आणि परत गेलाच नाही. आता त्याला घर बदलल्याचं कार्ड छापून हवं होतं. कॅलेंडरचं त्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी प्रूफ खणात सारलं, पण मास्तरांचा फोटो टेबलावर राहिला.

“हा इथे काय करतोय?”

“दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम आहे,” मी म्हणाले.

“त्या गिऱ्हाइकाला माझी सहानुभूती सांग.” त्यानं फोटो उचलला आणि हात लांब करून बघितला. “या माणसानं माझ्या बापाला विटा भाजायला शिकवलं. उत्तम विटा. गावातलं न्यायालय माझ्या बापाच्या विटांचं आहे. आणि त्या न्यायालयात मतदार म्हणून नाव घालायला गेला तर त्याला मागच्या दारानं बाहेर काढला. स्वतःच्या विटांच्या भिंतीतून! घरी येऊन तो काय म्हणाला असेल?”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, मागच्या दाराची चौकट वाकडी बसवलीय.”

तो हसला, मी हसले नाही. मला अण्णांची पत्रकं आठवली. मी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. आरीकडे कॉफीबरोबर एकच बिस्किट देण्याची पद्धत आहे, मी दोन दिली. तो बोलत राहिला. साठच्या दशकात त्यांच्या देशात पुन्हा अशीच जोडी उभी राहिली. एक पाद्री, मारणाऱ्यावरही प्रेम करा म्हणणारा. दुसरा, मारायला उगारलेला हात धरायचा हक्क आम्हालाही आहे म्हणणारा. बहीण पाद्र्याच्या बाजूची, हा दुसऱ्याच्या. जोडी बदलली तरी स्वयंपाकघरातलं भांडण चालूच राहिलं.

कार्डाचा मजकूर मात्र त्याला सुचेना. “साधारणपणे लोक ‘नव्या घरी आलो’ असं लिहितात,” मी म्हणाले. “तुम्ही ‘घरी परतलो’ लिहा ना.”

“तीस वर्षं या देशात कर भरला, बायको इथे पुरली. घर कुठलं ते मी छापून देणार नाही,” तो म्हणाला. “नुसतं ‘पत्ता बदलला’ लिही.”

तो गेल्यावर मी बराच वेळ मास्तरांच्या फोटोकडे रागानं बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाई छपाईची चौकशी करायला डोकावल्या. “शनिवारी त्याच्या निरोपाची कॉफी आहे, तेव्हा देणार. रविवारी विमान. गुरुवारी तयार होईल ना? तिकडे पोचला की पहिल्यांदा संडासात टांगायला सांगणार आहे मी त्याला.”

“कुठे?”

“संडासात. मग कुठे? या देशात वाढदिवसाचं कॅलेंडर तिथेच असतं. रोज एकदा तरी बसतोच ना माणूस. बघण्यावाचून गत्यंतर नाही.”

इतकं बोलून त्या गेल्या आणि माझा चेहरा तापला. आरीच्या छापखान्याच्या संडासात तसलं कॅलेंडर होतं खरं, पण तो आरीचा विक्षिप्तपणा असं मी तीन वर्षं धरून चालले होते. अण्णांच्या छापखान्यात पुढाऱ्यांच्या तसबिरी मशीनच्या वर, सगळ्यांत उंच खिळ्याला. पायाखाली पत्रक आलं तर उचलून कपाळाला लावायचं. आणि इथे, ज्यांनी तुरुंग पाहिले, ज्यांच्यातल्या काहींना गोळ्या घालून मारलं, त्या माणसांना संडासात टांगायचं? बाईंना चाळीस वर्षांत या देशाची सवय झाली असेल. मला झालेली नव्हती आणि करून घ्यायची नव्हती.

आरी त्या दिवशी कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेला होता. मी फाइल उघडली. तारखांच्या वर वार घातले. प्रत्येक पानावर येणारं साल घातलं, चांगलं ठळक. वार आणि साल असलेलं कॅलेंडर कोणी संडासात लावत नाही, त्याला बैठकीच्या खोलीतच लावावं लागतं, असा माझा विचार. तो मला फार चतुर वाटला. आणि हात घातलाच आहे तर म्हणून नोव्हेंबरचा संपादकांचा फोटो पानभर मोठा केला. ऑगस्टवरचे मास्तर लहान करून कोपऱ्यात बसवले. मग छपाईचं बटण दाबलं. तीस प्रती. संध्याकाळी निखिलला सांगितलं तेव्हा तो भाजी चिरत होता. म्हणाला, “तू तिथे नोकरी करतेस की चळवळ?” मी म्हणाले, “दोन्ही.”

गुरुवारी बाई आल्या. मी वरची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी जानेवारी उलटला, फेब्रुवारी उलटला, थांबल्या.

“हा आकडा काय आहे?”

“येणारं साल.”

“मी साल मागितलं होतं?”

मी मनात तयार केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. संडास, तसबिरी, कपाळाला लावायचं पत्रक. माझं बोलणं ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या, काउंटरला धरून हसल्या, टोपी तिरकी झाली. “अगं, माझी आई माझ्या संडासात आहे! माझा नवरा आहे तिथे! ज्यांना विसरायचं नसतं ते सगळे तिथे असतात.” डोळे पुसून त्या पुन्हा पानाकडे वळल्या. मग हळू म्हणाल्या, “पण साल घातलंस तर डिसेंबरात हे मरेल ना. तो उतरवून फेकून देईल. मी साल मुद्दाम टाळलं होतं, पोरी. माझ्याकडे किती सालं आहेत ते मला ठाऊक नाही. त्याच्याकडे किती आहेत तेही नाही.”

त्या पानं उलटत ऑगस्टपर्यंत पोचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नोव्हेंबर बघितला. पुन्हा ऑगस्ट.

“हे मात्र तू संडासामुळे केलं नाहीस,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मग?”

“तुमचा भाऊ इथे आला होता. न्यायालयाची गोष्ट सांगितली त्यानं. मागच्या दाराची.” आणि मग माझ्या तोंडून पत्रकच बाहेर पडलं. “ज्या माणसानं तुमच्या वडिलांना हक्क मागू नका म्हणून सांगितलं, तो आणि हक्कासाठी लढणारा, दोघांना एकच माप कसं देता तुम्ही? हा समतोल नाही, ही चूक आहे.”

त्यांचा आवाज चढला नाही. “क्लिफ्टननं तुला सांगितलं का, की आमच्या गावातली काळ्या मुलांची शाळा बाबांनी बांधली? रविवारी, फुकट, खराब निघालेल्या विटा जमवून? त्या शाळेत तो वाचायला शिकला. गादीखालचं मासिक चोरून वाचण्याइतकं.” त्यांनी कॅलेंडर मिटलं. “आणि ही तुझी चूक माझ्यासाठी मोठी नाही. पण तो ऑगस्ट बघेल आणि त्याला वाटेल की त्याच्या बहिणीनं शेवटी बापाला कोपऱ्यात बसवलं. ती जिंकवून दिलेली बाजू त्याला नको असेल. मलाही नकोय.”

त्या रिकाम्या हातांनी गेल्या. दारात वळून म्हणाल्या, “शनिवारी अकरा वाजता.”

आरीला सांगायला मला फार धीर लागला. त्यानं सही केलेलं प्रूफ आणि छापलेलं कॅलेंडर शेजारी ठेवून बघितलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.

“माझ्या संडासात माझे आईवडील आहेत, चार मुली आहेत आणि कुत्रा आहे,” तो म्हणाला. “कुत्रा मेला, तरी आहे. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?”

“मला वाटलं तुझी काहीतरी लहर.”

“आणि सहीनंतर बदललंस.”

“हो.”

“बरोबर होतं म्हणून?”

“मला बरोबर वाटलं म्हणून.”

“बरोबर वाटणारी माणसंच सहीनंतर बदलतात. चूक वाटणारी विचारायला येतात.” त्यानं छापलेल्या तीस प्रती उचलून रद्दीच्या पेटीत टाकल्या. “उद्या सकाळी सातला ये. कागद माझ्याकडे पुरेल इतका नाही. बघतो.”

घरी जाताना ट्राममध्ये मला अण्णा आठवायला हवे होते, पण आठवत राहिली आई. आई शिवणक्लास घ्यायची. छापखान्याच्या मागच्या खोलीत तीन मशिनं, गल्लीतल्या पंधरा-वीस बायका. अण्णा तिला सगळ्यांदेखत म्हणायचे, “बायांना सुईत अडकवलं की त्या मोर्चाला येत नाहीत.” आई मान वर न करता म्हणायची, “तुमची पत्रकं वाचायची तर त्यांच्या घरात आधी दिवा नको का?” मी अण्णांच्या बाजूनं हसायचे. आईच्या क्लासवर मी कधी एक ओळ लिहिली नाही. आणि अण्णांचा कागद उधारीवर मिळेनासा झाला तेव्हा घर त्या तीन मशिनांवर चाललं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असूनही माझ्या मनातल्या भिंतीवर आईची तसबीर कोपऱ्यात आणि लहानच होती. आम्ही तत्त्वाची माणसं अशीच असतो. ज्यानं ताट वाढलं त्याच्याकडे पाठ करून भाषण करतो.

शुक्रवारी सातला पोचले तर आरीनं दुसऱ्या छापखान्यातून कागद आणून ठेवला होता. पावणेआठला बाईही आल्या. आरी गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत येऊ देत नाही. त्या दिवशी त्यानं स्वतः खुर्ची आणून आत ठेवली.

मशीन पानं काढत होतं. आम्ही लांब टेबलावर बारा गठ्ठे मांडले. एकेका गठ्ठ्यातलं एकेक पान उचलत टेबलाभोवती फिरायचं, एक फेरी झाली की एक कॅलेंडर जुळतं. मग वर भोकं पाडून तार ओवायची. साधं काम आहे, पण फिरताना बोलता येतं. बाई बसायला तयार नव्हत्या. माझ्या पुढे जांभळी टोपी, मागे आरी, अशा आमच्या फेऱ्या.

“तुला एक सांगते,” ऑगस्टपाशी त्या म्हणाल्या. “मास्तर उघडपणे हक्कांचं बोलत नसत. पण हक्कांच्या खटल्यांसाठी गुपचूप पैसे पुरवायचे. त्यांच्या कागदपत्रांतून नंतर कळलं.”

“मग उघड का नाही बोलले?”

“ते जिथे राहत होते तिथे उघड बोलणाऱ्याला झाडाला टांगत. उत्तरेत बसून शूर होणं सोपं, असं बाबा म्हणायचे.” दोन पावलं चालून त्या पुढे म्हणाल्या, “आणि आई म्हणायची, टांगतात म्हणून कोणीच बोललं नाही तर टांगणं थांबेल कधी? तेही खरं. त्याशिवाय का मी तिचा महिना राखून ठेवला.”

“तुम्ही कधी क्लिफ्टनना सांगितलं, की तेही खरं?”

“वेडी आहेस का!” त्या म्हणाल्या. “मग आम्ही बोलणार कशावर?”

मागून आरी म्हणाला, “माझा एक भाऊ चर्चला जातो, मी जात नाही. आम्हाला मात्र बोलायला काहीच नाही.”

नोव्हेंबरपाशी बाई थांबल्या, संपादकांच्या चेहऱ्यावर हात ठेवून. “गंमत बघ. मास्तर म्हणाले, जिथे आहात तिथेच पाय रोवा. त्यांची मी शिष्या, आणि समुद्र ओलांडून इथे म्हातारी झाले. संपादकांनी शेवटी देश सोडला, आफ्रिकेत जाऊन देह ठेवला. त्यांचा शिष्य क्लिफ्टन उद्या-परवा मुकाट्यानं घरी चाललाय. पुढाऱ्यांचं आपण ऐकतो कुठे? आपण फक्त त्यांच्यावरून भांडतो.”

दुपारी दोनला तिसावं कॅलेंडर ओवून झालं. दोन्ही फोटो मी पट्टीनं मोजले. मग आरीनं मोजले. मग बाईंनी.

शनिवारी अकराला मी खोका घेऊन त्यांच्या घरी गेले. इथल्या रीतीप्रमाणे बैठकीत खुर्च्या गोलात मांडलेल्या, हातात केकची बशी, जो तो प्रत्येकाशी हस्तांदोलन करतोय. शेजारी होते, ट्रॉम्बोनवाले दोन म्हातारे मित्र होते, बाईंच्या टायपिंगच्या वर्गातल्या, आता आज्या झालेल्या तीन बायका होत्या. क्लिफ्टननं मला बघितलं. “अरे, छापखाना! माझी कार्डं आणलीस?”

“यांची कॅलेंडरं आणलीत,” मी म्हणाले.

बाईंनी त्याच्या मांडीवर एक कॅलेंडर ठेवलं. तो पानं उलटायला लागला. नावं वाचताना त्याचे ओठ हलत होते. ऑगस्टवर तो थांबला. तिथे मास्तर होते आणि खाली बाबांचं नाव. नोव्हेंबरवर गेला, पुन्हा ऑगस्टवर आला. खिशातून चावी काढून त्यानं तिच्या लांबीनं दोन्ही फोटो मोजले. खरंच मोजले.

“सारखे आहेत,” तो म्हणाला.

“मग?” बाई म्हणाल्या.

“म्हणजे बाबांच्या वाढदिवसाला सबंध महिनाभर मी या माणसाचं तोंड बघायचं.”

“बसून बघायचं.”

ट्रॉम्बोनवाले हसले. तो हसला नाही. ऑगस्टच्या पानावर त्याचा अंगठा बापाच्या नावाखाली फिरत राहिला. मोठा, जाड नख असलेला, पितळ धरून धरून चपटा झालेला अंगठा. “चौकट वाकडी होती त्या दाराची,” तो कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाला. “मी नंतर जाऊन बघितली होती. खरंच वाकडी होती.”

बाईंनी आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला टेकवली. गोल थोडा मोडला.

“अर्नी,” तो म्हणाला, “मला हा माणूस अजून पटत नाही. मरेपर्यंत पटणार नाही.”

“कोण म्हणतंय पटवून घे?” त्या म्हणाल्या. “ऑगस्ट आला की मला फोन कर, आणि भांड.”